पर्ट पद्धती : यश व मर्यादा

अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या योजनेसाठी १९५८ साली सिद्ध केलेल्या पर्ट पद्धतीने कार्यनियोजनातील अनिश्चिततेला गणिती स्थान दिले, हे तिचे श्रेय निर्विवाद होय. प्रत्येक कार्याचे आशावादी, संभाव्यतम व निराशावादी असे ३ कालावधी घेऊन, संभाव्यतमास चौपट भार देऊन, बेरजेस ६ ने भागावयाचे व त्यावरून सर्वांत दीर्घ कार्यमालिका ठरवावयाची, अशी ही रीत आहे. परंतु दोष येथेच आढळतो. एकाच टप्प्यावर मिळणाऱ्या दोन परस्परनिरपेक्ष मालिकांपैकी प्रत्येक १० आठवड्यांत पुरी होण्याची शक्यता निम्मी धरल्यास, दोन्ही मुदतीत पुऱ्या होण्याची शक्यता पावच उरते. पद्धती मात्र एकाच मालिकेकडे पाहून १० आठवड्यांचा निर्वाळा देते. मग १९६० साली पाण्याखालील पाणबुडीतून पोलॅरिसचे उड्डाण यशस्वी झाले, त्याचे श्रेय पर्टला कितपत द्यावे? हार्वे सपोल्स्की यांनी १९७२ च्या ग्रंथात असे प्रतिपादिले की, प्रत्यक्ष नियंत्रणापेक्षा बाहेरचा हस्तक्षेप थोपविण्यासच ही पद्धती अधिक उपयोगी पडली. हे मत ग्राह्य वाटते. तथापि तेवढ्याने पद्धती त्याज्य ठरत नाही. कार्यांचा परस्परसंबंध ती स्पष्ट करतेच. तिने दिलेली तारीख तेवढी वचन मानू नये.