शब्द एकाचे, गळा दुसऱ्याचा

एकाने भोगलेले दुसऱ्याने गायिले, तर त्यातला खरेपणा उरतो काय? अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड गाजली ती आपल्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या शाहीर अमर शेखांच्या पहाडी आवाजात. 1944 साली या दोघांनी द. ना. गवाणकरांसह लाल बावटा कलापथक स्थापन केले होते.

छक्कडीतला नवरा मुंबईस निघताना रुसलेल्या बायकोला दागिन्यांची लांबलचक यादी ऐकवतो. मुंबईत त्याला भेटते ती बेकारांची गर्दी. यादी जितकी लांब, तितके हसू कडू. वाटेगावहून पायी मुंबई गाठलेल्या अण्णा भाऊंचेच हे जिणे. पुढे मैनेची ताटातूट सीमाभागाच्या ताटातुटीशी जोडली जाते व घरचे दुःख संयुक्त महाराष्ट्राचे होते.

येथे पहाडी आवाजाचा धोका आम्हांस जाणवतो: घोषणेच्या भरात ते कडू हसू हरवू शकते. परंतु अमर शेखही गिरणी कामगार होते. ती यादी त्यांना परकी नव्हती. म्हणून उसने शब्द त्यांच्या तोंडी उसने ठरत नाहीत, असे आमचे मत आहे.

1969 च्या जुलैत अण्णा भाऊ गेले, ऑगस्टात अमर शेख. आज ही छक्कड गाणाऱ्याने श्रोत्यांना आधी त्या यादीवर हसू द्यावे, घोषणा मागाहून.