पत्र पोहोचले, कादंबरी राहिली

१९५७ साली नोबेल पारितोषिक जाहीर झाल्यावर फ्रेंच साहित्यिक आल्बेर कामू यांना आईपाठोपाठ आठवण झाली ती अल्जिअर्समधील आपल्या प्राथमिक शिक्षकांची. लुई जर्मेन या गुरुजींना त्यांनी लिहिलेले छोटेसे आभारपत्र प्रसिद्धच आहे. परंतु त्या ऋणाचे सविस्तर दर्शन घडते ते ‘पहिला माणूस’ या त्यांच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीत. पितृहीन, दरिद्री घरातला मुलगा. त्याला लवकर कामाला लावू पाहणारी आजी. आणि तिचे मन वळवून, विनामूल्य शिकवणी देऊन त्याला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसविणारे गुरुजी! कामू या गुरुजींचा देव करीत नाहीत. त्यांच्या पट्टीचा मारही ते लपवीत नाहीत. म्हणूनच ही कृतज्ञता भाबडी न वाटता खरी वाटते.

मात्र ४ जानेवारी १९६० रोजी मोटार अपघातात कामू गेले. अपुरे हस्तलिखित अपघातस्थळी सापडले. ते प्रसिद्ध झाले १९९४ साली. तोवर गुरुजीही हयात नव्हते. वाङ्मय म्हणून कादंबरी पत्राहून कितीतरी श्रेष्ठ. पण गुरुजींना वाचायला मिळाले ते पत्रच. आपल्या हाताला धरून पहिले अक्षर गिरवून घेणाऱ्या बाई अजून हयात असतील, तर सुंदर शब्द सुचण्याची वाट न पाहता चार ओळी लिहून टाकाव्यात.