फिलोथियाचा एक तास

चारशे वर्षांहून अधिक काळ टिकलेल्या ग्रंथाचा परामर्श घेताना नुसते वंदन करून पुढे जाण्याचा मोह होतो. संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या ‘भक्तिमय जीवनाची ओळख’ या ग्रंथाबाबत तसे करणे आम्हांस उचित वाटत नाही. रोजच्या प्रार्थनेची सवय कशी जडावी, हा प्रश्न आपल्या घराघरांत आजही आहे. म्हणून पोटापाण्यासाठी धावणाऱ्या कुटुंबाला या ग्रंथाचा उपयोग किती, एवढे एकच मनात धरून आम्ही तो वाचला.

ग्रंथ १६०९ साली फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाला. लेखक जिनिव्हाचे बिशप. परंतु ते शहर कॅल्विनपंथीयांच्या हाती असल्याने त्यांचे वास्तव्य आनसी येथे असे. लुईझ द शार्मोयझी या विवाहित कुलीन स्त्रीला केलेल्या लेखी मार्गदर्शनातून ग्रंथ आकारास आला. त्यातील संबोधन मात्र ‘फिलोथिया’ला, म्हणजे देवावर प्रेम करणाऱ्या कोणत्याही जिवाला आहे. भक्ती ही केवळ मठवासीयांची मिरास नसून कारागीर, विधवा, विवाहिता, राजपुरुष यांनी ती आपापल्या शक्तीप्रमाणे व कर्तव्यानुसार आचरावी, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पावित्र्याचे पाचारण सर्वांनाच आहे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली सांगितले. त्याची बीजे आम्हांस येथे दिसतात.

पाच भागांपैकी दुसरा भाग प्रार्थनेचा आहे. सकाळची प्रार्थना, मनन, मिस्सा, रात्रीचे आत्मपरीक्षण असा दिवसाचा क्रम त्यात आखून दिला आहे. मननानंतर कामाकडे वळावे कसे, हेही लेखक सांगतात. चिनी मातीच्या नाजूक भांड्यातून मोलाचा द्रव नेणारा माणूस जसा जपून पावले टाकतो, तसे वकिलाने न्यायालयाकडे आणि गृहिणीने संसाराकडे वळावे. प्रार्थना आणि काम यांच्यामधला हा उंबरठा इतक्या बारकाईने न्याहाळणारे लेखक विरळाच.

परंतु याच भागाच्या आरंभी फिलोथियाने रोज एक तास मनन करावे, शक्यतो सकाळी, असे सांगितले आहे. येथे आम्ही अडखळतो. नोकरचाकर असलेल्या घरात हा तास मिळेलही. फुलांच्या वा भाजीच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या गाडीने वसईहून मुंबई गाठणाऱ्या बाईला तो कोठून मिळावा? असा तास न साधल्याने ‘आपल्याच्याने भक्ती होत नाही’ म्हणून कित्येकांनी प्रार्थनापुस्तक मिटून ठेवले असेल. सवय लागावी म्हणून घातलेला नियमच असा सवयीच्या आड येतो.

या आक्षेपाचे उत्तर त्याच ग्रंथात आहे, हे त्याचे मोठेपण. मनन चुकले तर दिवसभरात देवाला लहान लहान हाका घालून ती उणीव भरून काढावी, असे लेखक सांगतात. पुढे तर ते या लहान हाकांना सर्वांत वरचे स्थान देतात: इतर प्रार्थना राहिल्या तर या हाका त्यांची जागा घेऊ शकतात, मात्र या हाकाच राहिल्या तर ती तूट भरून येणे कठीण. टोपली डोक्यावर असतानाही ‘प्रभू येशू, जवळ राहा’ असे म्हणता येते. हे सोपे दिसते. पण तास संपतो, हाक दिवसभर घालावी लागते. वास्तविक ही अट तासापेक्षा कडक आहे.

नियम मोडला तर काय? आपल्या पडलेल्या हृदयावर संतापू नये, त्याला हळुवारपणे उठवावे, असा तिसऱ्या भागातील सल्ला आहे. पाचव्या भागात घड्याळाचा दाखला येतो. उत्तम घड्याळालाही दिवसातून दोनदा चावी द्यावी लागते आणि वर्षातून एकदा ते उघडून साफ करावे लागते, हृदयाचेही तसेच. चावी उतरणे हा घड्याळाचा गुन्हा नव्हे, हे कळले की सवय मोडलेल्या माणसाला पुन्हा आरंभ करण्याचे बळ येते.

एक उणीव मात्र राहते. प्रार्थनेची ही प्रकरणे मुख्यतः एकट्या जिवाशी बोलतात. आजी, सून, नातवंडे एकत्र बसून जपमाळ म्हणतात तेव्हा पेंगणारे मूल आणि मोबाइल न सोडणारा तरुण यांचे काय करावे, हे येथे फारसे सापडत नाही. ते आपले आपणच शोधले पाहिजे.

तरीही हा ग्रंथ घरात असावा, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. फक्त तासाच्या प्रकरणाने घाबरून तो मिटू नये. लहान हाकांच्या प्रकरणापर्यंत अवश्य जावे आणि त्या रात्रीपासूनच घड्याळाला चावी द्यावी.