नखाच्या कडेवरचं कसब

घरी केलेल्या जेल मॅनिक्युअरची पारख पहिल्या दिवशी करू नये. पहिल्या दिवशी चकाकी सगळ्यांच्याच नखांवर असते. हात पाहावा तो तिसऱ्या आठवड्यात.

माझ्यासमोर सांगली जिल्ह्यातल्या जतच्या माझ्या भाचीचे हात आहेत. पिकल्या जांभळाचा रंग, नखं बोटांच्या टोकांबरोबर कापलेली. रंग लावल्यापासून या हातांनी रोज ज्वारीच्या भाकरी थापल्या, कूट करायला शेंगा फोडल्या, बोअरच्या जड पाण्यात भांडी घासली. तरी रंगाचा कुठे टवका उडालेला नाही की कडेला पापुद्रा सुटलेला नाही. हे सगळं तिने घरात पाटावर बसून, मागवलेल्या किटमधून केलं. सांगलीच्या एखाद्या मोठ्या पार्लरमध्ये जायचं तर ऐंशी-नव्वद किलोमीटरचा रस्ता. विजापूर जरा जवळ, पण तिकडेही जाण्यायेण्यात दिवस मोडतो. म्हणून ती व्हिडिओ पाहून शिकली, काही मराठी, काही हिंदी, काही कन्नड. जतच्या माणसाला कन्नडची अडचण नसते.

या कामातला सर्वांत सुंदर भाग रंगाखाली झाकला जातो. नखाच्या मुळाशी एक पातळ, मेलेली कातडी नखाला चिकटून वर सरकत असते. नीट पाहिलं नाही तर ती दिसतही नाही. जेल तिच्यावर बसलं की रंग नखाला धरत नाही, कातडीला धरतो, आणि कातडी सुटली की तोही सुटतो. भाची लाकडी काडीने ही कातडी हलकेच खरवडून काढते. तिच्या मागची जिवंत कातडी मात्र ती कापत नाही, फक्त मागे सारते. मग बारीक बफरने नखाची चकाकी तेवढी उतरवायची, नख झिजवायचं नाही. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवून तेलाचा अंशही पुसायचा. तयारी एवढीच, पण वेळ सर्वांत जास्त हीच खाते.

पार्लरमध्ये पूर्वी बोटं कोमट पाण्यात बुडवून बसवत. जेलच्या आधी ते करू नये, कारण नख पाणी पितं, फुगतं, आणि वाळलं की पुन्हा आकसतं. वरचा कडक थर त्याच्याबरोबर आकसत नाही आणि कडेने सुटू लागतो. म्हणून जेल करायच्या दिवशी आधी काही वेळ भाचीचे हात पाण्यात जात नाहीत. त्या दिवशीची भांडी घरातलं दुसरं कुणीतरी घासतं. मला हा नियम फार आवडला.

आता थर. साधं नेलपॉलिश वाळतं, म्हणजे त्यातला द्राव उडून जातो आणि रंग मागे राहतो. जेल वाळत नाही. त्यातले ॲक्रिलेट आणि मेथाक्रिलेट जातीचे रेणू प्रकाश पडला की एकमेकांत गुंफले जातात आणि पातळ द्रवाचं घट्ट जाळं होतं. त्यासाठी लागणारा प्रकाश साधारण 365 ते 405 नॅनोमीटरचा, म्हणजे जांभळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा. दाताचे डॉक्टर निळा दिवा धरून दाढेत जे सिमेंट घट्ट करतात ते याच कुळातलं. बाजारात हे तंत्र रुजलं ते 2010 मध्ये अमेरिकेतल्या सीएनडी कंपनीने ‘शेलॅक’ आणल्यावर, आणि मग काही वर्षांत तळहाताएवढे दिवे घरोघरी पोचले.

प्रकाश थरातून आरपार जायला हवा, या एका गोष्टीवर सगळं कसब उभं आहे. थर जाड झाला की वरची बाजू घट्ट होते आणि खाली ओलं राहतं. रंगाचे कण उजेड अडवतात, त्यामुळे काळ्या आणि गडद रंगांत हा धोका जास्त. भाचीने निवडलेलं जांभळं म्हणजे कठीणच रंग. तिचा पहिला हात इतका विरळ असतो की खालचं नख पट्ट्यापट्ट्यांनी दिसतं. नवख्या बाईचा धीर इथे सुटतो आणि ती दुसऱ्यांदा ब्रश बुडवते. भाची तसाच पट्ट्यांचा हात दिव्याखाली घालते. दुसऱ्या हाताला रंग भरतो, तिसऱ्याला खोली येते. जाड थराला आणखी एक शिक्षा असते: रेणू जोडले जाताना उष्णता निघते आणि नख अचानक पोळतं. पातळ थरात ते जाणवत नाही.

दिव्यातून काढल्यावरही वरचा पृष्ठभाग चिकट लागतो. कच्चं राहिलं असं वाटून पुष्कळ जणी तो पुसून टाकतात. खरं तर हवेतला ऑक्सिजन अगदी वरच्या पापुद्र्याला घट्ट होऊ देत नाही, आणि तोच चिकटपणा पुढच्या थराला धरून ठेवतो. पुसायचं ते शेवटच्या टॉप कोटनंतर.

जतमध्ये आणखी एक सावधगिरी लागते, ती उन्हाची. सूर्यप्रकाशात हेच किरण असतात, आणि जतच्या उन्हाबद्दल जतच्या माणसाला सांगायला नको. उघडी बाटली खिडकीत राहिली तर तिच्या तोंडाशी जेल घट्ट होऊ लागतं, ब्रशचे केस कडक होतात. म्हणून भाची आतल्या खोलीत बसते आणि प्रत्येक नखानंतर बाटली बंद करते.

आता कड. नखाच्या टोकाची जी जाडी समोरून दिसते, तिच्यावर ब्रशची बाजू एकदा फिरवायची, रंगाखालच्या बेस कोटला, प्रत्येक रंगाला आणि टॉप कोटला. असं केलं की थर नखाच्या टोकावरून खाली वळतात आणि टोकाशी पाणी शिरायला फट राहत नाही. भांडी घासणाऱ्या हाताचं सगळं युद्ध या कडेवर होतं. तिची तर्जनी मी उजेडात आडवी धरून पाहिली. कडेवर रंग अखंड आहे, सुईच्या टोकाएवढंही पांढरं दिसत नाही. अंगठे ती शेवटी, वेगळे करते. चार बोटांबरोबर अंगठा दिव्यात घातला तर तो कुशीवर पडतो, ओलं जेल एका बाजूला वाहतं आणि प्रकाशही तिरका लागतो. “मावशी, अंगठा सरळ ठेव, हलवू नकोस,” असं तिने मलाही बजावलं होतं.

स्वतःचे हात रंगवणारीची खरी परीक्षा उजव्या हातावर असते, कारण तो डाव्याने रंगवायचा असतो. भाची डावा हात टेकवून ब्रश स्थिर धरते आणि उजवं बोट त्याखाली फिरवते. तिच्या उजव्या करंगळीवर कातडी आणि रंग यांच्यामध्ये केसभर जास्त मोकळी जागा सुटली आहे. डाव्या हातावर तीच रेघ रेखीव आहे. हे न्यून मला मोलाचं वाटतं. हात डळमळला तेव्हा तिने ब्रश कातडीवर जाऊ दिला नाही, आतच थांबवला.

ते फक्त दिसण्यापुरतं नाही. घट्ट न झालेलं जेल पुनःपुन्हा कातडीला लागलं तर मेथाक्रिलेटची ॲलर्जी होऊ शकते: बोटांना खाज, फोड, नख सुटणं. एकदा झाली की ती सहसा जन्मभराची असते, आणि पुढे दातांच्या उपचारांतही आडवी येऊ शकते, कारण तिथेही हेच कुळ. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये घरी वापरायच्या किटबद्दल जाहीर इशारा दिला होता. युरोपीय संघाने हेमा हे रसायन असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांसाठी ठेवली आणि टीपीओ हे प्रकाशाने जागं होणारं रसायन 1 सप्टेंबर 2025 पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केलं. म्हणून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचावीत, दिवा आणि जेल एकमेकांना जुळणारे घ्यावेत, आणि दिव्याखाली बोटांची टोकं कापलेले हातमोजे घालावेत. खाज सुटली तर त्या दिवशीच थांबावं.

सांगली जिल्ह्यात हळदीचा विषय टळत नाही. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तीच हळद फिक्या गुलाबी जेलला एका फोडणीत पिवळट करते. अल्कोहोलचा बोळा काही डाग काढतो. उरलेला उन्हात उतरतो, कारण हळदीचा रंग ऊन सोसत नाही. हळदीचं फडकं वाळत घालणारीला हे ठाऊकच असतं. गडद रंग निवडला तर प्रश्नच येत नाही, आणि रोज स्वयंपाक करणाऱ्या हाताला तोच शोभतो असं माझं मत आहे. लांब, टोकदार कृत्रिम नखं मला या हातांवर आवडत नाहीत. भाकरीच्या पिठात बुडणारं नख आखूडच छान.

काढतानाही घाई नको. वरची चकाकी कानशीने उतरवायची, ॲसिटोनचा बोळा ठेवून फॉइल गुंडाळायची, 10 ते 15 मिनिटं थांबायचं. सुटलेलं जेल काडीने आपोआप सरकतं. सरकलं नाही तर पुन्हा गुंडाळायचं. ओढून काढणारी जेलबरोबर नखाचे पापुद्रेही काढते, आणि पुढच्या वेळी रंग टिकत नाही म्हणून बाटलीला दोष देते.

आपल्याकडे नखावर दीर्घकाळ टिकणारा रंग मेंदीने फार आधी आणला. नागपंचमीला बोटांच्या टोकांना मेंदीच्या टोप्या घालून रात्र काढलेल्या बायकांची नखं महिनोन्महिने तांबूस राहतात. मेंदीचा रंग नखाच्या केराटिनशीच जोडला जातो, म्हणून त्याला टवका नाही, पापुद्रा नाही. तो फक्त नखाबरोबर पुढे सरकतो. जेल नखावर बसतं, पण सरकतं तसंच. नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. विल्यम बीन नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी स्वतःच्या अंगठ्याचं नख 35 वर्षं मोजलं आणि 1980 मध्ये नोंदी छापल्या: वय वाढलं तशी वाढ मंदावली होती. भाचीच्या नखांच्या मुळाशी आता जी मोकळी कोर दिसते ती सगळ्या बोटांना सारखी नाही. मधल्या बोटाची सर्वांत रुंद, करंगळीची सर्वांत अरुंद, कारण मधल्या बोटाचं नख सहसा भराभर वाढतं. पुढच्या वेळी जेल कधी करायचं हे भाची मधल्या बोटावरून ठरवते.