कार्डाची मागची बाजू

जुन्या शिलाई मशीनचे कागद जमवणाऱ्यांत सिंगर कंपनीच्या १८९२ च्या रंगीत कार्डांना फार मान आहे. पुढच्या वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ती वाटली गेली. देशोदेशीची माणसे आपापल्या पोशाखात आणि त्यांच्यामध्ये सिंगरचे मशीन, असे चित्र. दगडी छपाईने एकावर एक चढवलेले रंग आजही टवटवीत दिसतात. संग्राहकांनी केलेली वर्णने मात्र रंग, कोपरे आणि डाग यांपलीकडे जात नाहीत. माझा आक्षेप इथेच आहे.

कार्ड उलटून पाहावे. मागे त्या देशाची माहिती आहे आणि तिच्या आडून कंपनीची बढाई. झुलूलँडच्या कार्डामागचा मजकूर, मशीन आले म्हणजे सुधारणा आली, अशाच सुरात बोलतो. काही कार्डांवर तर चित्रातली मंडळी कंपनीचेच नोकर असल्याचे छापले आहे. म्हणजे परदेशातले एक घर समजून आपण जे पाहतो, तो कंपनीने मांडलेला देखावा! मी स्वतः एका लेखात असे चित्र पोशाखाचा पुरावा म्हणून वापरले होते. माझे कार्ड कुणीतरी वहीत खळीने पक्के चिकटवलेले. वाफ देऊन सोडवायला मी धजलो नाही. पुढे दुसरी प्रत उलटून पाहिली तेव्हा लेख छापून झाला होता.

चित्रात आणखी एक गोष्ट नाही, ती म्हणजे हप्ता. एडवर्ड क्लार्क यांनी १८५६ मध्ये सिंगरची हप्तेबंदी सुरू केली आणि महागडे मशीन साध्या घरांच्या आवाक्यात आले. आपल्याकडे, तसेच ब्रह्मदेश आणि सिलोनमध्ये, कंपनीचा कारभार नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी सांभाळला. हप्ते वसूल झाल्याशिवाय हा धंदा चालणे शक्य नव्हते. त्या व्यवहाराचे कागद म्हणजे पावत्या, करार, तेलकट माहितीपत्रके. बाजारात त्यांना कोणी विचारत नाही. वास्तविक तेलाचा डाग नेमका कोणत्या पानावर आहे हे पाहिले, तर बाईला धागा ओवणे जड गेले की बॉबिन भरणे, याचा थोडा अंदाज येतो. कोऱ्या करकरीत प्रतीवरून तो कसा यावा?

हे शहाणपण मला उशिरा आले. मावशीचे मशीन घरी आणले तेव्हा खणातल्या हप्त्यांच्या पावत्या मी रद्दीत घातल्या आणि रंगीत चित्राचे माहितीपत्रक तेवढे जपून ठेवले. त्यात एक पावती चुकून राहून गेली आहे. पुढच्या बाजूचा आकडा पुसट झालाय. मागे पेन्सिलीने कुणाच्या तरी पोलक्याची मापे आहेत : छाती ३२, उंची १४, बाही ६.