अहिराणी गाण्यांचे अल्बम आणि आपण

खानदेशात चित्रफितीसह निघालेल्या एकाच गाण्यालाही 'अल्बम' म्हणतात. 'पोराने अल्बम काढला' असे जळगावात कुणी म्हणाले, तर त्यामागे कंपनी असतेच असे नाही. दोन-चार मित्र, तासावर भाड्याने घेतलेला स्टुडिओ, कुणाच्या तरी मळ्यात एका दिवसाचे चित्रीकरण आणि शेवटी यूट्यूब, एवढे पुरते. भैय्या मोरे आणि अंजना बर्लेकर यांनी गायलेले 'हाई झुमका वाली पोर' हे अहिराणी गाणे २०२२ साली यूट्यूबवरूनच लोकांपर्यंत गेले. ते कोट्यवधी वेळा पाहिले गेले आणि ज्यांना अहिराणीचा एक शब्द येत नाही अशा वरातींतही वाजले.

आमच्या उर्दू शाळेतही ते पोचले. मुलींनी स्नेहसंमेलनाच्या यादीत ते घातले आणि आम्ही ते खोडले. 'ही काही शरीफ जबान नाही' असे बोलून गेलो. ते बोलणे आम्हाला आजही टोचते. या गाण्यांकडे समीक्षेच्या नजरेने पाहावे असे वाटले ते त्यामुळेच.

गाण्याचे नावच पाहा. 'हाई' ही अहिराणी, 'पोर' अहिराणी. पण 'झुमका' आणि 'वाली' हे बाजारातून, सिनेमातून, हिंदी-उर्दूच्या वाटेने आलेले. चार शब्दांत खानदेशची सगळी बोलण्याची रीत आली. धुळ्यात यंत्रमागावर बसणारा मोमीन, यावल-रावेरकडचा तडवी, आठवडे बाजारात बांगड्या विकणारी बाई, सगळे असेच बोलतात. घरात एक जबान, बाजारात दुसरी, आणि दोन्हींची सरमिसळ कधी झाली ते कुणाला कळतही नाही. शुद्ध अहिराणीचा आग्रह धरणाऱ्यांना 'वाली' खटकते. आम्हाला मात्र तीच या गाण्याची खरी जागा वाटते. ज्यांचे अहिराणीवर अधिकृत नाव नाही, त्यांच्या तोंडचा तो शब्द आहे.

या गाण्यांच्या नादाबद्दल मात्र तक्रार आहे. खानदेशातल्या लग्नात ज्याला 'पावरी' म्हणून नाचतात, तो सूर बहुधा की-बोर्डमधून येतो. मूळ पावरी हे भोपळ्याचे वाद्य, धुळे-नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यातल्या आदिवासींचे, डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात वाजणारे. आज एक बटण दाबले की पावरी मिळते आणि वाजवणारा लागत नाही. घरी काढलेल्या अल्बमला हे परवडते हे खरे. पण लोकसंगीताच्या नावाने जे विकायचे, त्यातला लोकच वगळायचा, ही काटकसर आम्हाला पटत नाही. शब्दांचेही तसेच. एक गाणे गाजले की मागून येणाऱ्या डझनभर गाण्यांत झुमका, पैंजण आणि पोर एवढेच उरते. केळीची बाग मागे दिसते, केळीचा घड खांद्यावर वाहणारा दिसत नाही. कानबाईच्या गाण्यांत बायका जी थट्टा करतात, सासरचे जे उणेदुणे काढतात, तिचा निम्मा तिखटपणाही यांत नाही.

तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि कॅसेटवाल्यांच्या दारात न जाता अहिराणी घराघरांत वाजू लागली. २०११ च्या जनगणनेत 'खानदेशी' मातृभाषा सांगणारे सुमारे १८ लाख ६० हजार निघाले. एवढ्या लोकांच्या भाषेला शाळेत एक तास नाही. तो तास या पोरांनी मोबाइलवर भरवला.

आता प्रश्न नावांचा. अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत गाणे फिरू लागले की गायकाचे नाव गळते. लिहिणाऱ्याचे तर त्याआधीच गळते. मग लोक म्हणतात, 'लोकगीत आहे'. बहिणाबाईंच्या ओव्या अशाच गळून गेल्या असत्या. मुलगा सोपानदेव यांनी त्या जपल्या आणि १९५२ साली पुस्तक निघाले, म्हणून आसोद्याची ही लेक आज कवयित्री आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. हक्क विकले तरी गीतकार-संगीतकाराचा मानधनातला वाटा शाबूत राहील अशी तरतूद त्यात आली. पण चहाच्या टपरीवर तोंडी ठरलेल्या व्यवहारात कायदा कुठून येणार? आमचा एक माजी विद्यार्थी गाणी लिहून देतो. त्याच्याकडे त्यांतल्या एकाचाही कागद नाही. अब्बांना कळू नये म्हणून नावही त्यानेच नको म्हटले.

हे 'नको' कुठून आले ते आपण तपासले पाहिजे. मुस्लिम मराठी साहित्याच्या व्यासपीठावर आपण शाहीर अमर शेख यांचा वारसा अभिमानाने सांगतो. बार्शीचा हा मेहबूब गिरणी कामगारांच्या सभेत डफावर गात होता, तेव्हा त्यालाही शरीफ घराण्यांनी फार जवळ केले असेल असे वाटत नाही. शाहीर गेल्यावर आदरणीय होतो, हयात असेपर्यंत तो 'नाचगाणेवाला' असतो. आपल्या संमेलनांत दखनीवर परिसंवाद होतात, उर्दू-मराठी सेतूवर तर दरवर्षी होतात. अहिराणीत लिहिणाऱ्या मुस्लिम पोराला मात्र ना मुशायऱ्यात जागा, ना कविसंमेलनात. मग तो बँडवाल्याकडे जातो. तिथे निदान त्याचे गाणे वाजते.

यंदा आम्ही आठवीच्या वर्गाला घरातल्या बायका हळदीत म्हणतात ती गाणी लिहून आणायला सांगितले. मुलांनी ती उर्दू लिपीत लिहिली, दुसरी लिपी त्यांना सवयीची नाही. एका मुलाने अहिराणीतला 'मना', म्हणजे माझा, हा शब्द शेवटी 'ऐन' घालून लिहिला होता. उर्दूत तो मनाईचा 'मना' होतो. आम्ही 'ऐन' खोडून 'अलिफ' केला. खाली ज्या दादीने ते गाणे सांगितले, तिचे नाव लिहायचे राहिले होते. वही परत दिली आणि ते लिहून आणायला सांगितले.