लिहिणाऱ्याच्या हातात कॅमेरा : गिरीश कुलकर्णींचा प्रवास

गिरीश कुलकर्णींना आपण सगळे नट म्हणून ओळखतो. पण आज देवगाव रंगारीत आम्ही बोलणार आहोत ते त्यांच्यातल्या लेखकाबद्दल, आणि तो लेखक दिग्दर्शक झाल्यावर काय झालं त्याबद्दल.

सुरुवात ‘वळू’पासून करू. साल २००८, दिग्दर्शक उमेश कुलकर्णी. गावात मोकाट फिरणारा बैल आणि त्याला धरायला आलेला वन अधिकारी, गोष्ट एवढीच. पण बैलाचं निमित्त करून जो तो आपलंच घोडं दामटतो. पुढे ‘विहीर’ आला. ती पटकथा सती भावे यांच्यासोबत लिहिलेली. एक पोरगा बुडून जातो, दुसरा त्याला शोधत राहतो. तिथं शब्द फार कमी.

मग २०११ चा ‘देऊळ’. केशाला औदुंबराखाली दत्त दिसतो आणि गावाच्या दवाखान्याचा आराखडा मागं पडतो. वेरूळ, खुलताबाद आपल्यापासून लांब नाही. गर्दी वाढली की दुकानं कशी वाढतात, हे इथं कुणाला सांगायला नको. म्हणून बघा, नाना पाटेकरांचे भाऊ आपल्याला खलनायक वाटत नाहीत. आधी का-कू करणारा हा पुढारी लोकांचा कल बघून फिरतो. असे भाऊ आपण पाहिलेत. या सिनेमाला ‘ब्यारी’सोबत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गिरीश यांना अभिनय आणि संवाद, असे दोन मिळाले.

२०१६ साली त्यांनी ‘जाऊंद्या ना बाळासाहेब’ लिहिला आणि दिग्दर्शितही केला. पुढाऱ्याचा लाडावलेला मुलगा हळूहळू भानावर येतो. विषय मोलाचा, विनोद रांगडा, अजय-अतुलचं संगीत जोरकस. तरी आमच्या मते हा सिनेमा ‘देऊळ’च्या उंचीला पोचत नाही.

का? बडबड जास्त आहे म्हणून? तसं नाही, बडबड ‘देऊळ’मध्येही भरपूर आहे. फरक असा की ‘देऊळ’मधली माणसं मनातलं लपवायला बोलतात. ‘बाळासाहेब’मध्ये, विशेषतः उत्तरार्धात, ती आपल्याला समजावायला बोलतात. लपवलेलं शोधायचं काम प्रेक्षकाचं असतं आणि त्यातच गंमत असते. समजावलेलं मात्र आपण नुसतं ऐकून घेतो.

लेखक आणि दिग्दर्शक वेगळे असले की एक जण लिहितो आणि दुसरा विचारतो, ‘हे वाक्य हवंच का?’ दोन्ही कामं एकाकडे आली की हा प्रश्न स्वतःलाच विचारावा लागतो. आणि आपल्याच चांगल्या वाक्यावर काट मारणं भल्याभल्यांना जड जातं.

आपल्या भागातली पोरं आता मोबाइलवर शॉर्टफिल्म करतात. लेखन, दिग्दर्शन, सगळं एकटीच. त्यांना आमचं सांगणं एवढंच : गावावर राग असो की माया, ती पात्राच्या तोंडी भाषण म्हणून घालू नका. आणि ‘हे काढ’ असं तोंडावर सांगणारा एक तरी मित्र सोबत ठेवा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.